आठ खाचांचं माप

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट नुसती बोलून समजायची नाही. तिला लांबी-रुंदी लागायची. मुलीच्या परीक्षेला किती दिवस उरले असं विचारलं, तर दुसरा माणूस आकडा सांगेल. हे टेबलावर हात पसरून दाखवायचे, "आपण इथं आहोत, आणि परीक्षा त्या कात्रीपाशी." मग रोज कात्री चार बोटं अलीकडे सरकायची. मुलगी बिचारी पुस्तक सोडून कात्रीवरच नजर ठेवून बसायची.

गणवेश शिवायच्या कारखान्यात ते कटर होते. शाळांचे, इस्पितळांचे, पहारेकऱ्यांचे कपडे तिथं निघायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कापडाचे चाळीस-पन्नास थर एकावर एक पसरायचे, वर कागदाचा फर्मा ठेवायचा, खडूनं आखायचं आणि कापायचं. फर्मा म्हणजे कपड्याचा कागदी साचा. पाठीचा वेगळा, छातीचा वेगळा, बाहीचा वेगळा. एक रेघ हुकली की पन्नास सदरे हुकले. त्यामुळे 'साधारण', 'जवळजवळ', 'बघू' हे शब्द त्यांच्या तोंडात कधी आले नाहीत. मी जन्माची 'बघू'वाली. आमचं जमलं कसं, हे मला अजून नीट सांगता यायचं नाही.

हे खूळ लहानपणापासूनचं. हे नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. कशानं गेले, हे घरात कुणी सांगेना. काकांना विचारलं, तर काका म्हणाले, "मोठा झालास की कळेल." ह्यांनी विचारलं, "मोठा म्हणजे कुठपर्यंत?" काका वैतागले आणि दाराच्या चौकटीवर कुठंतरी बोट टेकवून मोकळे झाले. ह्यांनी तिथं खिळ्यानं रेघ मारली. चौदाव्या वर्षी डोकं त्या रेघेला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे काकांपुढे उभे, "आता सांगा." काका विसरूनही गेले होते. काय ते सांगितलं, आणि त्याच आठवड्यात हे एका शिंप्याच्या दुकानात कामाला लागले. रेघ गाठली म्हणजे मोठे झाले, मग आता घरात बसायचं कशाला, असा सरळ हिशेब.

लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण मला चांगलं आठवतं. कशावरून ते आठवत नाही, पण माप आठवतं. मी तोंड फिरवून बसले होते. ह्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि म्हणाले, "दाखव, केवढा राग आहे." मीही काही कमी नव्हते. भिंतीपासून निघाले ती जमिनीवर रेघ ओढत दारातून बाहेर जिन्याच्या कठड्यापर्यंत गेले. हे गुडघ्यावर बसले, टेप लावली, आणि अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "साडेअकरा फूट. एवढा माझ्याच्यानं एका दिवसात मिटायचा नाही. रोज एक फूट पुसू दे." आणि पुसला. रोज माझं एकेक काम करायचे, कधी पाणी भर, कधी भांडी घास, आणि फूटभर रेघ ओल्या फडक्यानं पुसायचे. शेजारणी पाय उचलून त्या रेघेवरून जायच्या आणि मला विचारायच्या, "आज किती उरला हो?" वरच्या अर्ध्या फुटाचं काय केलं ते मात्र लक्षात नाही.

मुलांनाही तीच शिस्त. भांडण झालं की रद्दीच्या कागदातून आपला राग कापून आणायचा आणि तो घडी घालून खिशात बसवून दाखवायचा. बसला की भांडण संपलं. धाकट्यानं एकदा त्या दिवसाचं अख्खं वर्तमानपत्रच आणलं, तेही बापाचं वाचून व्हायच्या आत.

असा माणूस. म्हणून तो एकाएकी हात खिशात घालून बोलायला लागला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

थोरली तेव्हा बारा वर्षांची होती आणि धाकटा नऊ. "कधी येणार?" विचारलं की नुसतंच "येईन" म्हणायचे. ना टेबल, ना कात्री, ना चार बोटं. जेवताना पुढ्यातल्या ताटाबाहेर बघायचे नाहीत. मी बाजूनं काही वाढायला गेले की दचकायचे. चोराच्या मनात चांदणं असतं ना, तसं मला वाटलं. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीला सकाळी आवरून कारखान्यात. "सुट्टीच्या दिवशी कारखान्यात काय?" "फर्मे लावायचेत." वीस वर्षांत कधी सुट्टीला लावावे लागले नव्हते ते फर्मे.

खालच्या मजल्यावर माझी नणंद राहायची. कान भरायला तिला जिने चढायचा कधी कंटाळा आला नाही.

"वहिनी, मी काही म्हणत नाही," ती दारातच म्हणाली.

"मग बसा आणि म्हणू नका, वन्सं. चहा ठेवते."

"दादा हल्ली संध्याकाळी त्या काजवालीबरोबर येतो. ती त्याची बाही धरून चालते. मी फक्त बघितलं. म्हणत काही नाही."

"तुम्ही म्हणत नाही ना, तेच सगळ्या जिन्याला ऐकू जातं."

तोंडानं असं म्हणाले, पण चहात साखर घालायची विसरले, आणि नणंदही तो तसाच गोड मानून प्यायली. यावरून प्रकरण काय थराचं आहे ते मला कळलं.

काजवाली म्हणजे कारखान्यात काज आणि बटणं करणारी बाई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिचा नवरा होता, की होऊन गेला होता, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. एक मुलगी होती, आठ वर्षांची. मी तोवर तिच्याशी नीट बोललेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटायच्या वेळी मी कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. एक चप्पल पायात घातली, एक हातात धरली. दुकानदार म्हणाला, "बाई, दोन्ही डाव्या पायाच्या आहेत." मी म्हटलं, "असू द्या, मला तशाच बघायच्यात." तेवढ्यात ती दोघं दिसली. खरंच तिनं ह्यांची डावी बाही कोपराच्या वर धरली होती. फुटपाथची पायरी आली की ती हळूच काहीतरी बोलायची आणि हे पाय उचलायचे. इतकं बेतानं, इतकं सवयीचं! माझ्याबरोबर हा माणूस कधी दोन पावलं मागे तर कधी चार पावलं पुढे, आणि इथं तालात पावलं पडतायत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिनं बाही सोडली आणि ती वळली. हे एकटे भिंतीच्या कडेकडेनं निघाले आणि दुकानावरून गेले. मी पायरीवर उभी, हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

घरी येऊन मी विचारलं, "वाटेत कुणी भेटलं का?"

"नाही."

"कुणी दिसलंही नाही?"

"नाही म्हटलं ना."

 डोळ्यांदेखत खोटं बोलतात, आणि तेही मान वर करून! त्या रात्री मी मनाशी ठरवलं. दुसरा संसार असेल तर मी दोन्ही मुलांना घेऊन भावाकडे जाणार. भावाला निरोपही धाडला की कदाचित येईन, खोली रिकामी करून ठेव. पण नक्की कळल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मग मी ह्यांच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लागले. खिसे, डबे, गाद्यांची टोकं, सगळं तपासलं. काही नाही. माणूस ताकास तूर लागू देईना.

आणि मग शोधत नव्हते तेव्हा सापडलं. थोरलीसाठी झगा शिवायचा होता. घरच्या टेबलामागे एका आकड्याला ह्यांचे घरचे फर्मे टांगलेले असायचे. झग्याचा फर्मा शोधताना जुना, पिवळा पडलेला ओव्हरकोटाचा मोठा फर्मा बाजूला काढला, तर त्याच्या पाठीच्या घडीतून कागद घसरून पायाशी पडले. आठ होते. खाकी कागद, नीट कापलेले.

मला वाचन जेमतेम येतं, पण फर्मे मी चांगले ओळखते. प्रत्येकावर नाव असतं, छाती असते, उंची असते. या कागदांवर एक अक्षर नव्हतं. गळा नाही, बाही जोडायचा मुंढा नाही. डावीकडून कुणी चावा घेतल्यासारखा एक लांबट गोल. काठाला कात्रीनं मारलेल्या खाचा होत्या, पण खाचा सगळ्याच फर्म्यांना असतात, म्हणून त्या मी मोजल्या नाहीत. मी ते जमिनीवर मांडले. आधी सगळ्यात लहान, तान्ह्या बाळाच्या पाठीएवढा. मग त्याहून जरा मोठा, मग त्याहून मोठा. आठवा सगळ्यात मोठा. आठ वर्षांच्या पोरीच्या पाठीएवढा.

वर्षाला एक. आठ वर्षं. मूल वाढतंय आणि बाप माप घेतोय. माझ्या मुलांची मापं भिंतीवर, आणि त्या पोरीची ओव्हरकोटात दडवून.

मी रडले नाही. रडले असते तर गॅसवर ठेवलेलं जेवण करपलं असतं, एवढंच. गॅस बंद केला, सगळे कागद पिशवीत घातले, वर धाकट्याचा कोट टाकला आणि निघाले. त्या दिवशी कारखाना अर्धा दिवस होता. हे केस कापायला गेले होते.

काजवालीची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीशी शिलाई मशीन आणि त्याच्यावर दोऱ्यांची रिळं, रंगाप्रमाणे ओळीनं लावलेली. मुलगी जमिनीवर पालथी पडून गणितं करत होती. मी तिचं नाक बघितलं. कान बघितले. ह्यांचे कान बाहेर आलेले आहेत. पोरीचे चांगले चिकटलेले. पण कान काय, आईवर जातात, असं मी स्वतःला बजावलं.

"वहिनी, तुम्ही?" काजवाली उठून उभी राहिली.

"कोटाला चार काजं करून हवीत."

"मास्तरांकडे द्यायचात की. मी लगेच केली असती."

"त्यांच्याकडे दिलेलं सगळं माझ्याकडे परत येतंच असं नाही."

तिनं कोट घेऊन उजेडात धरला. मी मुलीला म्हटलं, "बाळ, जरा उभी राहतेस का? माझ्या भाचीला झगा शिवायचाय, ती तुझ्याएवढीच आहे." पोरगी उड्या मारत आली आणि पाठ करून ताठ उभी राहिली. शिवणाऱ्या बाईची मुलगी, तिला सांगावं लागलं नाही. मी पिशवीतून सगळ्यात मोठा कागद काढला आणि तिच्या पाठीला लावला.

खांद्यापासून खांद्यापर्यंत. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही.

काजवालीच्या हातातला कोट खाली आला. "हा तुमच्याकडे कसा?"

"म्हणजे तुम्ही ओळखता."

"ओळखते."

"मग सांगा माझ्या तोंडावर. कुणाचं माप आहे?"

"मास्तरांचं."

"मास्तर चांगले साडेपाच फूट आहेत हो! मला वेडी समजता?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग मुलीकडे बघितलं, मग पाठीवरच्या कागदाकडे, आणि मला काय वाटतंय ते तिला एकदम उमगलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "जा, शेजारच्या मावशींकडून सुई घेऊन ये," तिनं मुलीला सांगितलं. सुया समोर डबाभर होत्या. पोरगी गेली.

"वहिनी, खाचा मोजल्यात?"

"खाचांचं काय?"

"मोजा."

मी मोजली. एकच होती.

"हा पहिला," ती म्हणाली. "हा मागच्या वर्षाच्या शेवटी कापलेला. आता लहानावरच्या मोजा."

लहानावर आठ होत्या.

"तो शेवटचा. या महिन्याचा."

मी कटरची बायको. खाचा कशासाठी मारतात हे मला झोपेतही सांगता येतं. फर्मे क्रमानं लागावेत म्हणून. आणि मी ते मुलाच्या उंचीसारखे लावून बसले होते. मोठा आधीचा, लहान नंतरचा. जगात असं कुठलं मूल आहे जे महिन्या-महिन्याला लहान होतं?

"मग हे आहे काय?"

"मी शब्द दिलाय. त्यांनाच विचारा. आणि वहिनी," ती कोटाची घडी घालत म्हणाली, "तुम्ही माझ्याबद्दल जे समजलात ना, ते मी लक्षात ठेवीन. रागानं नाही. पण ठेवीन."  तिचं बरोबरच होतं.

घरी आले आणि कागद टेबलावर खाचांप्रमाणे लावले. एक, दोन, तीन. डावीकडून उजवीकडे ते कसे आटत गेलेत ते आता सरळ दिसत होतं. मुलाचा संशय गेला होता, पण त्याची जागा रिकामी राहील तर ना! हा माणूस परीक्षेला माप देतो, रागाला माप देतो, मोठं होण्याला माप देतो. महिन्या-महिन्याला लहान होत चाललेली अशी कुठली गोष्ट आहे, जी बायकोपासून लपवावी लागते? मला एकच उत्तर सापडलं. ही माझी जागा आहे. ह्यांच्या मनात मी केवढी उरले ते कापून ठेवलंय. आठव्या कागदाकडे बघितलं. तान्ह्या बाळाएवढी उरले होते. म्हटलं, पुढच्या महिन्यात रुमालाएवढी, त्याच्या पुढच्या महिन्यात बटणाएवढी.

टेबलाच्या डाव्या टोकाला खुर्ची ओढून बसून राहिले.

हे आले. नवीन कापलेल्या केसांचा वास आला. दाराला हात लावला, मग भिंतीला, मग टेबलाच्या काठाला, आणि बोटं कागदावर गेली. तिथंच थांबली.

"सापडले?" त्यांनी विचारलं.

मी बोलले नाही.

"अगं, कुठं आहेस तू?"

मी हातभर अंतरावर बसले होते. भर दुपार. खिडकी सताड उघडी.

"कुठं आहेस म्हणजे? ही काय इथं बसलेय!"

तेव्हा त्यांनी मान वळवली. नुसते डोळे नाही, अख्खी मान, खांद्यासकट, घुबड वळवतं तशी. आणि मग त्यांना मी दिसले. मला हे त्या क्षणी दिसलं की, त्यांना मी मघापासून दिसत नव्हते.

ते टेबलापाशी बसले. खाचा चाचपून आठवा कागद टेबलाच्या मधोमध ओढला, पिनकुशनमधून एक टाचणी काढली आणि त्याच्या मध्यावर टोचली. "मी आता हिच्याकडेच बघणार. तू तुझा हात बाजूनं हळूहळू आण. दिसला की सांगतो."

मी हात टेबलाच्या काठावर ठेवला. काही नाही. वीतभर पुढे सरकवला. काही नाही. बोटं हलवली. ते टाचणीकडे बघत शांत बसलेले. माझा हात आठव्या कागदाच्या काठाला जवळजवळ टेकला, तेव्हा म्हणाले, "आला."

"ह्याच्या बाहेरचं?"

"ह्याच्या बाहेरचं काहीच नाही. काळोख असतो असंही नाही. नसतंच."

वर्षभरापूर्वी कापडाच्या थरांच्या डाव्या कडेची कात्री त्यांना सापडेना. समोरच होती. मग जिन्यात लोक अंगावर यायला लागले, बाजूनं वाढलेली वाटी एकाएकी उगवायला लागली, संध्याकाळी पायऱ्या गायब. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले नाहीत. गेले असते तर त्यानं नाव सांगितलं असतं, आणि नावाशी ह्यांचं कधी जमलं नाही. ह्यांना माप पाहिजे होतं. म्हणून एका सुट्टीच्या सकाळी कागद पसरला, मधे टाचणी लावली, बाजूनं खडू आणला. पण स्वतः आणलेला खडू कुठं आहे ते हाताला ठाऊकच असतं. दुसरं कुणीतरी पाहिजे. काजवालीनं त्याआधी दोनदा त्यांचं बोट सुरीखालून ओढलं होतं. तिला सांगावं लागलं नव्हतं.

आता खरं सांगायचं म्हणजे सांगायचं. मी हे ऐकलं आणि मला हायसं वाटलं. नवरा डोळ्यांनी अधू होत चाललाय, कटरचा जन्म, पुढ्यात दोन लेकरं, आणि मला आधी काय वाटलं असेल तर, चला, दुसरी बाई नाही! तोंडावर हसू आलं ते आवरेना. दोन-तीन श्वास घेईपर्यंत होतं. मी त्यांच्या डावीकडे बसले होते, कागदाच्या बाहेर, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. पुढे एकोणीस वर्षं आम्ही एकत्र काढली, त्यांना मी पुष्कळ काही सांगितलं, हे नाही सांगितलं.

मग मात्र रडले, आणि मग भांडले.

"तिला कळलं ते कळलं. मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर ते घरात आलं असतं. जेवायला बसलं असतं, मुलांच्या अंथरुणात शिरलं असतं. कागदावर होतं तोवर कागदाएवढं होतं."

"आणि मी? मी काय काय समजून बसले, ठाऊक आहे?"

"काय समजलीस?"

मी मुलाचं सांगितलं, चपलांच्या दुकानाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. दोन्ही डाव्या चपलांपाशी आले तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग दोघंही हसलो. माझी जागा आटत चालल्याचं सांगितलं, तेव्हा हसले नाहीत. म्हणाले, "तुझं माप मी कधी घेतलंच नाही." हे कौतुक होतं की काय होतं, मी अजून विचार करतेय.

डॉक्टरकडे मी हाताला धरून नेलं. त्यानं यंत्रापुढे बसवलं, दिवे लावले-विझवले, आणि एक छापील चित्र काढलं. मी पिशवीतून आठवा कागद काढून त्याच्या शेजारी ठेवला. आकाराला लहान-मोठे होते, पण डावीकडचा चावा तोच. डॉक्टरनं चष्मा वर केला. "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, "दोन शिवणाऱ्यांनी." डोळ्यांत दाब वाढलाय, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते थेंबांनी टिकवता येईल, असं त्यानं सांगितलं. टिकेलच का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "बघू." तो शब्द मला जन्मात पहिल्यांदा आवडला नाही.

कारखान्यात मालकांना हे स्वतः सांगून आले. कापणं बंद झालं. तयार कपड्यांची शिवण बोटांनी तपासायचं काम मिळालं, आणि त्या बोटांतून सुटलेला टाका मी तरी कधी पाहिला नाही. काजवालीच्या घरी मी गेले, माफी मागितली. तिनं चार काजं करून ठेवलेला कोट हातात दिला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून खडू तुम्ही धरा." नणंदेला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मी म्हटलंच नव्हतं काही."

पुढच्या महिन्याची पहिली सुट्टी आली. थेंब घालायला लागून तीन आठवडे झाले होते. टेबलावर नवा खाकी कागद पसरला, टाचणी लावली, आणि खडू माझ्या हातात आला. मी डावीकडून आणायला सुरुवात केली. चार बोटं आत आले नाही तोच हे म्हणाले, "आला."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी इतके महिने संशय घ्यायचं शिकले होते, ते एका महिन्यात कसं जाणार? मी खडू पुन्हा काठावर नेला. या वेळी कागदावर टेकवला नाही, अधांतरी धरला. पदर आवळून घेतला, श्वास रोखला. चार बोटं. आठ बोटं. हे टाचणीकडे बघत बसलेले. बाहेर कुणाच्यातरी बादलीचा आवाज झाला. खडू पार आत आला, मागच्या कागदाच्या जागेपाशी, आणि अजून जरा आत.

"आला का?" त्यांनीच विचारलं. मग म्हणाले, "आला, आला."

पहिल्या वेळी खडूची खसखस ऐकून 'आला' म्हणाले होते. माझ्यासाठी. मी चोरी पकडली होती, आणि आता पकडलेल्या चोरीचं काय करायचं ते मला कळेना. रेघ कुठं मारायची? बाहेर मारली असती तर आठवड्याभराचं जेवण गोड लागलं असतं, त्यांनाही आणि मलाही. आत मारली तर थेंब अजून लागू पडले नव्हते, हे दोघांना कागदावर दिसणार. आठ महिने मला खरं सांगितलं नाही म्हणून मी ह्या माणसाशी भांडले होते.

मी खडू अधांतरी होता तिथंच टेकवला आणि रेघ मारली. मग वरून, मग उजवीकडून, मग खालून. प्रत्येक वेळी आवाज न करता. त्यांना कळलं की नाही ठाऊक नाही, पण पुन्हा लवकर 'आला' म्हणाले नाहीत. कागद कापला. काठाला नऊ खाचा मारल्या. नववी जरा तिरकी गेली.

त्यांनी कागद हातात घेतला. काठावरून बोट फिरवलं, एकदा, मग दुसऱ्यांदा, सावकाश. आठव्यापेक्षा लहान होता, पण सातव्या-आठव्यात जेवढं अंतर होतं त्याच्या निम्म्यानंच.

"खरा आखलास ना?" माझ्याकडे मान वळवून त्यांनी विचारलं. "मला बरं वाटावं म्हणून बाहेर नाही ना ओढलीस रेघ?"

"विश्वास नसेल तर मापा."

मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे. पण त्यांनी गळ्यातली टेप काढली, कागद गुडघ्यावर पसरला आणि इंच-इंच अंगठ्यानं चाचपत खरंच मापायला लागले. मी उठून त्यांच्या समोर जाऊन बसले.